रगेड लॅपटॉपचं हँडल झिजलंय, नाशकात नीट करून मिळेल का?

मोजणी_नाशिक
नमस्कार मंडळी. माझं काम जमीन मोजणीचं, खाजगी. डीजीपीएस आणि टोटल स्टेशन (दोन्ही मोजणीची यंत्रं) घेऊन इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा असा सगळा पश्चिम पट्टा फिरतो, सोबत एक जुना रगेड, म्हणजे धूळ, पाणी, मार सोसेल असा बनवलेला लॅपटॉप असतो, मॅग्नेशियम अलॉयच्या बॉडीचा, पुढच्या बाजूला उचलायचं हँडल असलेला, वजन साधारण साडेतीन किलो. मशीन अजून उत्तम चालतंय, भर उन्हात स्क्रीन वाचता येते, पावसाचे चार थेंब पडले तरी काही होत नाही, त्यामुळे बदलायचा विचार अजिबात नाही. पण हँडल पार गेलंय. आधी वरचा रबरासारखा थर चिकट झाला, हाताला काळं लागायचं, मग त्याचे पापुद्रे निघायला लागले आणि आता आतलं कडक प्लास्टिक उघडं पडलंय, त्याची कड बोटांत रुतते. बांधाबांधाने चालत गेलं की बोटांवर वळ उठतात. त्यात उजवीकडून हँडल जरा हलतंय पण, उचललं की कट्ट असा आवाज येतो.

नवीन हँडलची चौकशी केली तर मॉडेल जुनं आहे म्हणून पार्ट बंद झालाय. ऑनलाइन जुनी काढलेली हँडलं दिसतात पण फोटोत ती पण तशीच सोललेली. सिंहस्थामुळे कामं भरपूर आहेत, मशीन रोज लागतं. कुणी असं हँडल नीट केलंय का, किंवा नाशकात कुणाकडे नेऊ ते सांगा प्लीज. नुसतं दिसायला चांगलं नकोय, भरवशाचं पाहिजे.

सिडकोकर
फेविक्विकने पापुद्रे चिकटवा आणि वरून काळी इलेक्ट्रिकची टेप गुंडाळा, तात्पुरतं काम होऊन जाईल.

अंबड_टूलरूम
सिडकोकर, टेप इथे नका सुचवू. एप्रिलमध्ये गाडीत ठेवलेल्या वस्तूवरची इलेक्ट्रिक टेप बघा कधी, गोंद बाहेर येतो, टेप सरकते आणि हात पुन्हा काळे. आणि फेविक्विकचा जोड कडक अन् ठिसूळ असतो, जिथे सतत वाकणं, दाबणं, झटका बसणं आहे तिथे तो तडकतो. शिवाय त्याची वाफ आजूबाजूला बसून पांढरट डाग पडतात ते वेगळंच.

मोजणीभाऊ, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र लिहिल्या आहेत. सोललेला थर हा त्रास आहे, हलणारं हँडल हा धोका आहे. आधी धोका बघा. बॅटरी काढा, लॅपटॉप टेबलावर ठेवा, एका हाताने बॉडी दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने हँडलचं एकेक टोक वर खाली हलवा. फक्त टोकाचं भोक मोठं झालं असेल तर हँडल हलेल पण पिन स्थिर राहील. पिन किंवा स्क्रूच हलत असेल तर बॉडीतले आटे गेलेत. आणि बॉडीचा जो कान हँडलला धरून ठेवतो त्याच्या मुळाशी केसासारखी रेघ दिसते का ते टॉर्च तिरका धरून बघा, ती असेल तर तो कान कधीतरी तुटणार, मग वरून काहीही गुंडाळा उपयोग नाही.

अजून एक, हे नीट वाचा. बॉडी मॅग्नेशियम अलॉयची असेल तर तिला ग्राइंडर, फाईल, पॉलिश पेपर काही लावायचं नाही. अख्खा तुकडा सहजी पेटत नाही पण त्याचा कीस आणि पावडर भयंकर पेटते, ठिणगी पुरते, आणि वर पाणी ओतलं तर हायड्रोजन तयार होऊन आग अजून भडकते. आमच्याकडे असं काम आलं तर कोरड्या वाळूची बादली बाजूला ठेवल्याशिवाय मशीन सुरू करत नाही. रस्त्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे "जरा टाका मारून द्या" म्हणून तर अजिबात नेऊ नका. मॅग्नेशियम वापरतात कारण ते हलकं असतं, घनता १.७ ते १.८ च्या आसपास, अल्युमिनियमची २.७, लोखंडाची ७.८, पण त्या हलकेपणाबरोबर ही काळजी येतेच.

स्क्रूच्या आजूबाजूला पांढरी भुकटी दिसते का तेही बघून सांगा. पोलादी स्क्रू आणि मॅग्नेशियम एकमेकांना टेकून असतात, मध्ये घाम किंवा पावसाचं पाणी शिरलं की मॅग्नेशियम खाल्लं जातं. पश्चिम पट्ट्यात फिरणाऱ्या मशीनला ही शक्यता जास्त.

लॅबवाली_ताई
चिकट थराबद्दल मी लिहिते, हा माझा विषय आहे.

हे मऊ लागणारे थर बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचे किंवा तसल्याच मऊ प्लास्टिकचे असतात. हवेतल्या ओलाव्याने त्यांच्या लांब साखळ्या हळूहळू तुटतात, उष्णता असली की अजून लवकर, आणि घट्ट थराचा चिकट लगदा होतो. हाताचा घाम, तेल, सनस्क्रीन यांची त्यात भर. आणि शेतात फिरणाऱ्यांनी विशेष लक्ष द्या, डास पळवायचं जे मलम असतं ना ज्यात डीईईटी असतं, ते हाताला लावून लगेच हँडल धरलं तर ते बऱ्याच प्लास्टिकना आणि अशा थरांना अक्षरशः विरघळवतं. मलम लावलं की तळहात धुऊन मगच वस्तू उचला.

एकदा चिकट झालेला थर परत घट्ट होत नाही. टाल्कम पावडर लावून दोन दिवस बरं वाटतं एवढंच. तो पूर्ण काढून टाकायचा. त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल, आयपीए म्हणतात ते, मोबाईल रिपेअरिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं, एमजी रोडला विचारा. हँडल सुटं केलेलं असेल तर उत्तमच, नसेल तर लॅपटॉप बंद, बॅटरी बाहेर, आणि फडकं भिजवून घ्यायचं, बाटलीतून थेट ओतायचं नाही. दहा मिनिटं ओलं फडकं गुंडाळून ठेवलं की थर फुगतो, मग जुन्या एटीएम कार्डाने किंवा लाकडी पट्टीने खरवडायचा, लोखंडी पात्याने नाही. खिडक्या उघड्या ठेवा, गॅस, उदबत्ती जवळपास नको, आयपीएची वाफ पेटते.

ॲसिटोन, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर मात्र लांब ठेवा. आतलं प्लास्टिक एबीएस किंवा पॉलिकार्बोनेटचं असेल तर ॲसिटोनने ते मऊ पडतं, वितळतं, किंवा वरून ठीक दिसतं आणि आतून बारीक तडे जातात. वजन उचलणाऱ्या वस्तूत असे न दिसणारे तडे म्हणजे सगळ्यात वाईट. सॅनिटायझर पण नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं, काम अर्धवट होतं आणि वरून तेलकट राहतं.

मोजणी_नाशिक
ताई, टूलरूमवाले, दोघांचे मनापासून आभार. आजच बघितलं. पिन दोन्हीकडे घट्ट आहे, पांढरी भुकटी नाही, कानाला रेघ दिसत नाही. हँडलच्या उजव्या टोकाचं भोक मात्र गोल राहिलेलं नाही, लांबट झालंय. हँडल आतून कडक प्लास्टिकचं आहे आणि चुंबक चिकटतंय, म्हणजे मध्ये लोखंडी पट्टी असावी. मलमाचं वाचून मात्र डोक्यात प्रकाश पडला, पावसाळ्यात ते रोजच लावतो आम्ही सगळे.

आडगाव_गॅरेज
आमच्याकडे ट्रकच्या स्कॅनिंगला असेच लॅपटॉप वापरतात त्यामुळे हा धागा आवर्जून वाचतोय. एक सांगावंसं वाटतं, लोक म्हणतात रगेड आहे ना, मग पडला तर पडू द्या. ती जी मिलिटरीची ड्रॉप टेस्ट असते, ८१०जी वगैरे, त्यात चार फुटांवरून २६ वेळा पाडतात, प्रत्येक बाजू, कड आणि कोपरा धरून, पण ते काँक्रीटवर ठेवलेल्या दोन इंची प्लायवूडवर. आणि ते २६ वेळा पाडणं पाच नगांपर्यंत वाटून करायची मुभा असते, म्हणजे एकाच मशीनने सगळे मार खाल्लेच पाहिजेत असं नाही. आपल्याकडे तो पडणार काळ्या खडकावर नाहीतर ट्रकच्या चॅसीवर, तेही दहा वर्षं जुना झाल्यावर, रबरी सील कडक झाल्यावर. त्यामुळे हँडल सुटणं हलक्यात घेऊ नका, टूलरूमवाल्यांना पूर्ण पाठिंबा.

सातपूर_थ्रीडी
मी अख्खं हँडलच थ्रीडी प्रिंट करून देऊ शकतो. जुनं आणून द्या, मापं घेतो, डिझाईन करतो, दोन दिवसांत हातात. पीएलएमध्ये, म्हणजे प्रिंटिंगच्या नेहमीच्या प्लास्टिकमध्ये, स्वस्त पडेल.

अंबड_टूलरूम
सातपूरवाले, तुमचं काम चांगलं आहे, छोटी कव्हरं, खुंट्या यासाठी मी पण प्रिंट करून घेतो. पण इथे पीएलए नको. पीएलए ६० अंशाच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि उन्हाळ्यात बंद गाडीत डॅशबोर्डवर तेवढं तापमान होतं. पीईटीजी हे दुसरं प्लास्टिक त्यापेक्षा बरं, ८० च्या आसपास. पण खरी अडचण थरांची आहे. प्रिंटमध्ये थरावर थर बसतो आणि दोन थरांमधला जोड हीच कमजोर जागा. हँडल उभं ठेवून प्रिंट केलं तर वजन नेमकं थर एकमेकांपासून ओढणार आणि ते खटकन तुटणार, काही इशारा न देता. प्रिंट करायचंच तर आडवं झोपवून, थर लांबीच्या दिशेने जातील असं, आणि आत अल्युमिनियमची किंवा स्टीलची पट्टी टाकून. मोजणीभाऊंच्या हँडलमध्ये कंपनीचीच पट्टी शाबूत आहे, ती सोडून नवीन कशाला बनवायचं?

भोकासाठी उपाय सोपा आहे. हँडल सुटं करा, लांबट झालेलं भोक ड्रिलने मोठं गोल करून घ्यायचं आणि त्यात बुश, म्हणजे छोटी नळी, बसवायचा, बुशचं आतलं भोक पिनच्या मापाचं. बुश पितळेचा करू का असं कुणीही टर्नर विचारेल, हो म्हणू नका. तांबं, पितळ आणि मॅग्नेशियम जवळजवळ आले आणि ओल मिळाली की मॅग्नेशियमचा बळी ठरलेला, पोलादापेक्षाही वाईट जोडी आहे ती. डेल्रिन म्हणून प्लास्टिकचा रॉड मिळतो, टर्निंगला छान, घासला तरी झिजत नाही, पाणी जवळपास पीत नाही. त्याचा बुश आणि दोन्ही बाजूंना नायलॉनचं वायसर.

सातपूर_थ्रीडी
पटलं. आडवं प्रिंट आणि आत पट्टी असं मी एका टूलबॉक्ससाठी केलं होतं, ते टिकलंय. पण इथे जुनंच वाचतंय तर वाचवा. एमसील भरून भोक परत पाडलं तर?

अंबड_टूलरूम
एमसील दाबाला चांगलं, पण पातळ भिंतीत, पिन रोज फिरते अशा जागी भुगा होऊन निघतं. बुशच करा. बुश भोकात घट्ट दाबून बसेल अशा मापाचाच करा, अराल्डाइटच्या भरवशावर राहू नका, डेल्रिनला ते नीट धरत नाही. 

चामडं_आणि_दोरा
आमचं पिढीजात चामड्याचं काम, पूर्वी आजोबा घोड्याचं खोगीर आणि टांग्याचं सामान करायचे, आता आम्ही बॅगा, पट्टे, हत्यारांची कव्हरं करतो. या हँडलला चामडं शिवून घ्या हो, याच्यासारखं दुसरं काही नाही. हाताला गरम लागत नाही, गार लागत नाही, घाम शोषतं, आणि वापरून वापरून हाताच्या आकाराला बसतं.

पण कसं शिवायचं ते सांगतो कारण बहुतेक जण इथेच चुकतात. चामडं क्रोमच्या रसायनाने कमावलेलं नको, बाभळीच्या सालीने, हिरड्याने कमावलेलं घ्यायचं, कोल्हापुरी चपलेला वापरतात त्या जातीचं. ते ओलं केलं की वाकतं आणि वाळल्यावर तो आकार धरून ठेवतं. जाडी दीड मिलिमीटरच्या आत. तुमचं हँडल मिटल्यावर खाचेत बसत असेल तर अजून पातळ, नाहीतर हँडल खाचेत जाणार नाही आणि झाकण नीट लागणार नाही. आधी जाड पुठ्ठा गुंडाळून बघा, केवढी जागा उरते ते कळतं. कडा रापीने छिलून पातळ करायच्या, म्हणजे जोडावर उंचवटा येत नाही.

शिलाई कुठे येणार हे सगळ्यात महत्त्वाचं. लॅपटॉप उचलल्यावर बोटं हँडलच्या खालून वळतात, सगळा भार बोटांच्या मधल्या पेरांवर येतो. तिथे शिलाई आली तर प्लास्टिकची कड रुतायची त्याऐवजी दोरा रुतेल. शिलाई वरच्या बाजूला, तळहाताच्या खोलगट भागाकडे घ्या. आरीने भोकं पाडून, दोन सुया एकाच भोकातून समोरासमोर काढून शिवायचं, दोऱ्याला मेण चोळून. मशीनच्या शिलाईत एक टाका तुटला की ओळच्या ओळ उसवत जाते, दोन सुयांच्या शिलाईत बाकीचे टाके आपापल्या जागी राहतात. दोरा पॉलिस्टरचा, सुती दोरा घामाने कुजतो.

खाली चिकटवायला सिंथेटिक रबरचं सोल्युशन लागतं, चप्पलवाले वापरतात ते. दोन्ही बाजूंना पातळ लावायचं, हाताला चिकटेनासं होईपर्यंत सुकू द्यायचं, मग दाबायचं. ओलं असताना दाबलं तर धरत नाही. आणि ताईंनी सांगितलेली सफाई पूर्ण झाल्याशिवाय लावू नका, जुन्या चिकट थरावर लावलं तर चामडं त्या थरासकट फिरेल.

रेक्झीन सुचवणारे भेटतील, स्वस्त पडतं. दोन पावसाळ्यांत तेही सोलतं.

लॅबवाली_ताई
रेक्झीनचं अगदी बरोबर, त्यातल्या बऱ्याच प्रकारांत वरचा थर पॉलियुरेथेनचाच असतो, म्हणजे पुन्हा तोच आजार. पण काका, इगतपुरीच्या पावसात चामड्याला बुरशी धरेल ना? त्याचं काय?

चामडं_आणि_दोरा
धरते, ओलं तसंच बॅगेत कोंबून ठेवलं तर नक्की धरते. भिजलं की पुसून सावलीत वाऱ्यावर वाळवायचं, हीटरपाशी नाही, उन्हात नाही, कडक होऊन तडकतं. पावसाळ्याआधी मेण आणि तेलाचं मिश्रण हलक्या हाताने चोळायचं. जास्त तेल घातलं तर ढिलं पडतं. एवढं करणार नसाल तर मी स्वतः सांगतो चामडं घेऊ नका.

गोल्फक्लब_ग्राउंड
बॅटची ग्रिप का नाही? रबरी असते, पाण्याला घाबरत नाही, घाम आला तरी सुटत नाही, कुठल्याही स्पोर्ट्सच्या दुकानात मिळते आणि शंभर दीडशेत काम होतं. हँडल सुटं होणारच आहे तर एका टोकाकडून शंकूसारख्या कोनवर चढवून सरकवायची, दुकानवाले चढवून देतात. लांबी जास्त होईल ती कापून टाकायची. हँडल सुटं करायचं नसेल तर टेनिस, बॅडमिंटनच्या रॅकेटची गुंडाळायची ग्रिप घ्या, ती तिरकी गुंडाळता येते, झिजली की नवीन. फक्त बॅटचं हँडल गोल असतं आणि लॅपटॉपचं चपटं, त्यामुळे रबर सपाट बाजूला ढिलं राहतं का ते चढवताना बघा.

आडगाव_गॅरेज
आम्ही एका मशीनला सायकलच्या हँडलची टेप गुंडाळली आहे, ती पण चांगली चाललीय. ग्रीसचे हात लागतात, दर काही महिन्यांनी बदलतो. आमच्या कामाला चामडं टिकणार नाही, डिझेल पिऊन फुगेल.

मोजणी_नाशिक
मंडळी, काम झालं. सविस्तर लिहितो म्हणजे पुढच्याला उपयोग होईल.

हँडल काढताना प्रत्येक स्क्रू कुठला ते कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून त्या त्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवला, कारण स्क्रूंची लांबी वेगवेगळी निघाली आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर आतल्या बोर्डाला लागू शकतो. दोन स्क्रूंखाली बारीक रबरी रिंग होती, धूळ पाणी आत जाऊ नये म्हणून, त्या सांभाळून ठेवल्या आणि परत बसवल्या. ज्यांना करायचंय त्यांनी हे विसरू नका, ती रिंग गेली की मशीनचं पाण्यापासूनचं संरक्षण गेलं.

थर काढायला पूर्ण संध्याकाळ गेली. आयपीएने सपाट भाग पटकन निघाला, टोकांच्या खोबणीत जुन्या टूथब्रशने घासावं लागलं. खाली प्लास्टिक एकदम चांगलं निघालं, कुठेही तडा नाही. हे बघून खरंच बरं वाटलं, वरून ते मेल्यासारखं दिसत होतं.

बुशसाठी अंबडला एका छोट्या वर्कशॉपमध्ये गेलो. टूलरूमवाल्यांनी सांगितलं तसंच झालं, टर्नर दादा म्हणाले पितळेचा करतो, जास्त टिकेल. त्यांना मॅग्नेशियमचं सांगितलं तर लगेच पटलं, त्यांच्याकडे डेल्रिनचा तुकडा उरलेला होताच. भोक आठ मिलिमीटरचं करून घेतलं, बुश बाहेरून आठ, आतून पाचची पिन सहज फिरेल असा. ड्रिल करताना हँडल लाकडात धरून, कमी स्पीडवर, थांबत थांबत, कारण प्लास्टिक गरम होऊन वितळलं की भोक पुन्हा वाकडं. डावीकडचं भोक अजून गोल होतं तरी त्यालाही बुश घातला, एक बाजू घट्ट आणि दुसरी ढिली राहिली तर सगळा झटका एकाच कानावर येतो हे त्या दादांचं म्हणणं मला बरोबर वाटलं.

लॅपटॉपला लावायच्या आधी वजनाची परीक्षा घेतली. दोन्ही बुशमधून पिना घालून हँडल लाकडी चौकटीत अडकवलं आणि दहा किलो गव्हाची पिशवी रात्रभर टांगली. लॅपटॉप साडेतीन किलोचा असला तरी गाडीतून उतरताना, बांधावरून उडी मारताना झटक्याला दुप्पट तिप्पट भार येतो म्हणून दहा. सकाळी काही हललं नव्हतं. पिशवी हातात धरून झटके पण दिले.

वरून चामडंच घेतलं. रबराची ग्रिप आणि चामडं दोन्हीचा विचार केला, माझं हँडल चपटं आहे आणि मिटल्यावर खाचेत बसतं, पुठ्ठा गुंडाळून पाहिलं तर जेमतेम एक मिलिमीटरची जागा, बॅटची ग्रिप बसलीच नसती. जुन्या नाशकात रस्त्याकडेला बसणारे एक काका आहेत, त्यांना हा धागा वाचून दाखवला, शिलाई वरच्या बाजूला हवी म्हटल्यावर ते म्हणाले मग काय बोटांवर घेणार होतो का मी. रापीने चामडं असं छिललं की कडेला कागदासारखं पातळ. ओलं करून हँडलवर ताणलं, दोरीने बांधून वाळायला ठेवलं, मग दुसऱ्या दिवशी दोन सुयांनी शिवलं. एवढं सुबक काम मी पैसे देऊनही कुठल्या शोरूममध्ये पाहिलेलं नाही. मागितले त्यापेक्षा थोडे जास्त दिले, त्यांनी घ्यायला आढेवेढे घेतले.

आता आवाज बंद, हलणं बंद, झाकण पूर्ण लागतंय. काल हरसूलच्या बाजूला दिवसभर होतो, बोटांवर वळ नाहीत.

अंबड_टूलरूम
झकास काम. डावीकडे पण बुश घातला हे फार चांगलं केलंत. स्क्रूंना निळं लॉकटाइट (स्क्रू ढिले पडू नयेत म्हणून लावतात ते) लावायचा मोह झाला तर थांबा, बॉडीच्या धातूत चालेल, पण ते प्लास्टिकवर ओघळलं तर काही प्लास्टिकना तडे जातात. लावलंच तर आट्यांवर एक थेंब.

दिंडोरीवाला
छान धागा. माझ्याकडे टॅब्लेटसारखा रगेड आहे, त्याला हँडल नाही, मागे हात घालायचा पट्टा आहे, तो शिलाईपाशी उसवतोय. द्राक्षबागेत फवारणीच्या नोंदी घेताना एका हातात हाच असतो. हा कुठे शिवून मिळेल?

ताडपत्री_पंचवटी
आमच्याकडे या. ताडपत्री, तंबूचं काम करणाऱ्यांकडे जाड कापडाची मशीन असते, घरगुती शिलाई मशीनवर हे शिवू नका, सुई मोडते आणि टाका ताणला जात नाही. पट्टा नवीन घालायचा तर नायलॉनऐवजी पॉलिस्टरची पट्टी घ्या. नायलॉन ओलं झालं की पाणी पितं आणि थोडं लांबतं, उन्हातही पॉलिस्टरपेक्षा लवकर कमजोर पडतं. तुम्ही बागेत, उन्हात आणि फवारणीत, म्हणजे पॉलिस्टरच. शिलाई चौकोन आणि आत फुली अशी मारायची, ट्रकच्या बेल्टला असते तशी, म्हणजे ओढ सगळ्या टाक्यांवर वाटली जाते. नुसती एक आडवी ओळ मारली तर त्या ओळीवर कापड फाटतं, टपाल तिकिटाला भोकं असतात तसं होतं ते. पट्टीची कापलेली टोकं मेणबत्तीवर हलकी वितळवून घ्या, दोरे सुटत नाहीत.

पट्टा आणायच्या आधी जुना पट्टा लोखंडी कडीतून जातो का थेट बॉडीच्या फटीतून जातो ते बघा. फटीतून जात असेल तर त्या फटीची कड धारदार झालीय का बोट फिरवून बघा, पट्टा उसवण्याचं खरं कारण बऱ्याचदा तिथेच असतं. तसं असेल तर तिथे पट्ट्यावर चामड्याचा छोटा तुकडा शिवून देतो. कड घासून गुळगुळीत करायला जाऊ नका, वर टूलरूमवाल्यांनी मॅग्नेशियमचं लिहिलंय ते बघा.

दिंडोरीवाला
बघितलं. फटीतून जातो आणि वरची कड खरंच टोचतेय. पट्टा तिथेच अर्धा कापला गेलाय, शिलाई त्यामुळे ताणली. शनिवारी येतो पंचवटीला. रुंदी मोजली, २५ मिमी भरतेय.

लॅबवाली_ताई
दिंडोरीवाले दादा, फवारणीनंतर तो पट्टा साबणाच्या पाण्याने धुवायची सवय ठेवा, पट्ट्यात औषध मुरतं आणि तोच पट्टा दिवसभर हाताला. शक्य असेल तर दोन पट्टे करून घ्या, एक धुवायला.

मोजणी_नाशिक
दिंडोरीवाले भाऊ, २५ मिमी असेल तर माझ्याकडे टोटल स्टेशनच्या बॅगेसाठी आणलेली पॉलिस्टर पट्टी दीड मीटर शिल्लक आहे, काळी, कोरी. दोन पट्टे आरामात होतील. शनिवारी मी पंचवटीत आहे, कारंजापाशी भेटा, पट्टी घेऊन जा आणि तशीच ताडपत्रीवाल्यांकडे द्या.